व्हायोलिन, वय आणि रोजचा रियाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घरीच हिंदुस्तानी व्हायोलिन शिकवते. सत्तरी ओलांडली, तरी वाद्य रोज हातात असतं. पालक, जुने-नवे विद्यार्थी आणि उतारवयात वाद्य हाती घेऊ पाहणारे बरेच जण मला साधारण तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यात वेळ जातो आणि काहीतरी सुटतंच, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, तुमचा दिवस कधी सुरू होतो? उठल्या उठल्या व्हायोलिन घेता का?

पहाटे पाचच्या आसपास उठते, पण वाद्याला लगेच हात लावत नाही. या वयात बोटं अंथरुणातून उठतात ती ताठच. तोंड धुऊन झालं की कोमट पाण्यात दोन्ही हात थोडा वेळ बुडवून ठेवते, मुठी हळू उघडते-मिटते, मनगटं गोल फिरवते, खांदे वर-खाली करते. मग चहा. तो होईपर्यंत तंबोरा सुरू केलेला असतो आणि मी नुसती ऐकत बसते. वाजवण्याआधी षड्ज, म्हणजे सा, कानात मुरला पाहिजे.

सूर लावून सहाच्या पुढेपर्यंत रियाज. नंतर आंघोळ, नाश्ता, घरातलं सगळं. दुपारी जेवणानंतर थोडं पडते. साडेचारपासून मुलं येऊ लागतात, शेवटचा विद्यार्थी आठच्या सुमारास निघतो. रात्री वाजवत नाही, ऐकते.

२. रोज किती तास रियाज करता?

सकाळी तासाभरापेक्षा थोडा जास्त, दुपारी उठल्यावर अर्धा तास. तरुणपणी याच्या कितीतरी पट होता. आता सलग वीस मिनिटं वाजवलं की वाद्य खाली ठेवते, उठून खिडकीपर्यंत जाऊन येते आणि पुन्हा बसते. मधली ही विश्रांती रियाजाचाच भाग धरा. थकलेल्या हाताने वाजवलं की हात चुकीची सवय पकडतो, आणि म्हातारपणी लागलेली सवय सोडवायला फार दिवस जातात.

३. तुम्ही रोज तीन-साडेतीन तास शिकवता. वाद्य हातात असतंच. मग वेगळा रियाज कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो विचारणाऱ्यांत शिकवणारेही असतात.

शिकवताना माझा कान विद्यार्थ्याच्या सुरावर असतो. त्याच्यासाठी एखादी ओळ वाजवून दाखवते तीही त्याच्या लयीत आणि त्याला झेपेल अशी, तोडून-तोडून. संध्याकाळभरात भूपाळी रागाची स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, पाच जणांना पाच प्रकारे दाखवली, तरी भूपाळी माझ्या हातात तसूभर पुढे सरकत नाही. उलट दिवसभर कच्चा सूर ऐकून आपला कान सैल पडतो. ‘चालतंय’ म्हणायची सवय आधी विद्यार्थ्यासाठी लागते आणि मग स्वतःलाही लागते.

शिकवण्यात आयुष्य गेलेले आणि स्वतःचा हात गमावून बसलेले चांगले वादक मी पाहिले आहेत. विद्येत ते कुठेच कमी नव्हते. सकाळचा वेळ मात्र त्यांनी शिकवण्यांना देऊन टाकला होता. म्हणून माझा नियम एकच : स्वतःचा रियाज झाल्याशिवाय पहिला विद्यार्थी नाही. सकाळी काही कारणाने हुकलं तर दुपारची झोप सोडते, पण साडेचारच्या आत तंबोऱ्यापाशी बसतेच. हात तयार असलेल्या शिक्षकाने एक ‘सा’ लावून दाखवला तर मूल त्यातून जे उचलतं, ते दहा मिनिटं समजावून त्याच्या पदरी पडत नाही.

४. सकाळच्या रियाजात नेमकं काय वाजवता? क्रम सांगाल का?

आधी मोकळी तार आणि लांब गज (तारेवर फिरवायची केस ताणलेली काडी). डाव्या हाताला काम नाही. गज मुठीपासून टोकापर्यंत आणि टोकापासून मुठीपर्यंत, एकेक फेर साधारण बारा-पंधरा सेकंदांचा. गज उलटतो त्या क्षणी आवाजात खाच पडते, ती पडू द्यायची नाही. टोकाशी येताना मनगट किंचित आधी वळतं, हात मागून येतो आणि सूर अखंड राहतो. रोज सकाळी पहिले चार-पाच फेर खाच ऐकू येते, मग ती हळूहळू पुसट होते. ती गेली की पुढे जायचं. एखाद्या दिवशी तिलाच पाऊण वेळ लागतो. लागू द्यावा.

मग मंद्र, म्हणजे खालचं सप्तक. एकेक स्वर, बोट न उचलता, पहिल्या बोटाने सरकत. आपल्या वादनात मींडेचं, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याचं, बरंचसं काम तर्जनी आणि मध्यमेवरच असतं. बोटाला खोबरेल तेलाचा अगदी पुसटसा हात लावते म्हणजे तारेवर ते अडत नाही. तेल गजाच्या केसांना लागता कामा नये, लागलं तर तेवढे केस कामातून गेले म्हणून समजा.

त्यानंतर त्या महिन्याचा राग. मी महिनाभर सकाळचा एकच राग धरते : भैरव, तोडी, अहिरभैरव असं काहीतरी. त्यातले पलटे (स्वरांच्या सरावाच्या ओळी) आधी संथ, मग दुप्पट. मग बंदिश. ती मी आधी गाते. आवाज आता बसका आहे, पण गाते, कारण गज कुठे उलटायचा हे शब्द ठरवतात. शब्दाच्या मध्येच गज उलटला की ऐकणाऱ्याला शब्द तुटल्यासारखा वाटतो, मग त्याला ती बंदिश पाठ असो वा नसो. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनमधून भावगीताचे शब्द ऐकू यायचे, त्यामागे गजावरची ही हुकमत होती.

ताना शेवटी, आणि रोज नाही. बोटं मोकळी वाटली तर त्रितालात संथ लयीपासून सुरुवात करते. आता वेगाच्या मागे लागत नाही. तान दाणेदार निघेनाशी झाली की लय उतरवते.

५. व्हायोलिनला पडदे नसतात. सूर बरोबर लागला हे कळतं कसं?

कानाने, आणि थोडं डोळ्यांनीही. वाद्य नीट लावलेलं असेल आणि बोटाने दाबलेला सा किंवा प अचूक जागी पडला, तर शेजारची त्याच सुराची मोकळी तार आपोआप कंप पावते. उजेडात निरखून पाहा, न छेडलेली तार थरथरताना दिसते. बोट केसभर सरकवा, ती थांबते. नव्या मुलांना मी हे आधी दाखवते. पुढे कितीतरी दिवस ती तार हलवण्याच्या नादात आपणहून सूर शोधत बसतात.

बाकीच्या स्वरांसाठी तंबोरा. शुद्ध गंधाराचं उदाहरण घ्या. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या षड्जातून गंधार उमटत असतो, यमनचा गंधार त्याच्यात विरघळला पाहिजे. हार्मोनियमचा गंधार त्यापेक्षा थोडा चढा असतो, कारण तिथे सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. मोबाइलमधला ट्यूनरही एरवी त्याच हिशेबाने चालतो. म्हणून ट्यूनर षड्ज-पंचम लावायला वापरा, गंधार-धैवत तपासायला नको. भैरवचा आंदोलित, म्हणजे झुलता रिषभ तर कुठल्याच सुईवर सापडणार नाही. तो गाऊनच बोटात येतो.

६. तारा कोणत्या सुरात लावायच्या? इंटरनेटवर वेगवेगळं सांगतात.

वेगवेगळं सांगतात, कारण चाली खरोखरच वेगळ्या आहेत. पाश्चात्त्य पद्धतीत शेजारच्या कोणत्याही दोन तारांत पंचमाचं अंतर असतं. आपल्याकडे जाड तारेपासून कुणी प-सा-प-सा लावतं, कुणी सा-प-सा-प. दोन्हींत मोठी माणसं होऊन गेली. तुमचे गुरू लावतात तसं लावा आणि मधेच बदलू नका, कारण बोटांच्या जागा त्यावर बसलेल्या असतात. यूट्यूबवर पाहून तार एका दमात चढवू नका. थोडी चढवा, थांबा, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) सरळ उभी आहे ना ते पाहा, मग पुढे.

७. हे मुळात परदेशी वाद्य. आपल्या संगीतात कसं आलं? वाद्य वेगळं असतं का?

वाद्य तेच. लावणी, बैठक आणि हात वेगळा. दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणलं. आपल्याकडे गजाननबुवा जोशींनी (१९११–१९८७) गायक म्हणून मिळालेली सगळी तालीम व्हायोलिनवर उतरवली. मूळचे गोव्याचे श्रीधर पार्सेकर, पुढे व्ही. जी. जोग, डी. के. दातार असे एकाहून एक वादक मराठी मुलखाने दिले. एन. राजम दक्षिणेतल्या घरातून आल्या आणि पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून त्यांनी गायकी अंग, म्हणजे गाण्यासारखं वाजवणं, वाढवलं.

गोव्याची आणखी एक वाट आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्यातले कितीतरी जण मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाजवायला आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यापैकीच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. ती शिस्त निराळी आणि तितकीच कठीण आहे.

८. गुडघे दुखतात, मांडी घालता येत नाही. मग वाजवायचं कसं?

आपल्या बैठकीत उजवा पाय पुढे घेऊन वाद्याचं टोक त्याच्या घोट्यापाशी टेकवतात. वाद्याला छाती आणि पाय असे दोन आधार मिळाल्यामुळे डावा हात मोकळा होतो आणि लांब मींड घेता येते. म्हणून जमेल तोवर ही बैठक सोडू नये असं माझं मत. जमिनीऐवजी दिवाणावर बसा, मागे घट्ट उशी घ्या. मी तसंच बसते. उठता-बसताना गुडघ्यांवर भार येत नाही.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल आणि डॉक्टरांनी मांडी घालू नका म्हणून सांगितलं असेल, तर खुर्ची. खांद्याचा आधार म्हणजे शोल्डर रेस्ट लावून हनुवटीने वाद्य धरायचं. वरून खाली येणारी लांब मींड सुरुवातीला वाद्य ओढत खाली आणते. म्हणून पहिले काही महिने मींड दोन-तीन स्वरांपुरतीच ठेवा.

९. बोटं आखडतात, गज धरलेला हात थरथरतो. वाजवणं सोडावं का?

आधी डॉक्टरांना दाखवा. थरथर कशामुळे आहे ते कळल्याशिवाय मीच काय, कुणीच सल्ला देऊ नये. दुखणं असेल तर त्या दिवशी वाजवू नका. ताठरपणा वेगळा, तो हालचालीने उतरतो (प्रश्न १).

थरथर असेल तर ती सगळ्यात जास्त जाणवते संथ गजात, टोकाशी. गजाचा मधला एक तृतीयांश भाग वापरा आणि फेर जरा लवकर बदला. अंगठा ताठ करून गज आवळू नका, आवळण्याने थरथर वाढते. आणि बसायची वेळ बदलून पाहा. सकाळी न जमणाऱ्या माझ्या एका समवयस्क विद्यार्थ्याचा हात दुपारी चारला छान चालतो.

१०. ऐकू कमी येतं. श्रवणयंत्र लावून वाजवता येईल?

येईल. वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात. त्यामुळे गजाची खरखर आपल्याला कळत नाही आणि विद्यार्थ्याला कळते. श्रवणयंत्र मुख्यतः बोलणं समजावं म्हणून बनवलेलं असतं. ते आवाजाचा लहान-मोठेपणा सपाट करतं, कधी तंबोऱ्याला गोंगाट समजून दाबतं. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी मांडणी असते, ती ऑडिओलॉजिस्टकडे वाद्य घेऊन जाऊन लावून घ्या. दुकानातल्या शांत खोलीत नुसतं बोलून तपासणी झाली म्हणजे काम झालं असं समजू नका.

११. पावसाळ्यात खुंट्या फिरत नाहीत, उन्हाळ्यात आपोआप सुटतात. काय करावं?

लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं. अडकलेल्या खुंटीवर जोर लावू नका, मोडते. घासते तिथे कोरडा साबण किंचित चोळतात. सुटणाऱ्या खुंटीला खडूची पूड. हे तात्पुरतं. दरवर्षी होत असेल तर कारागिराकडून खुंट्या बसवून घ्या.

जुलैत वाद्य भिंतीला टेकवून किंवा कपाटाच्या मागे ठेवू नका. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि भिजल्या की बदला. कडेचा जोड सुटला तर आवाजात बारीक झणझण येते. बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत गेलात की जोड सुटला तिथे आवाज पोकळ, फाटका येतो. तो घरातल्या डिंकाने किंवा फेविकॉलने मुळीच चिकटवू नका. व्हायोलिनला सरस वापरतात तो मुद्दाम, कारण तो पुढे न फोडता उघडता येतो.

१२. राळ (गजाच्या केसांना घासायचा खडा) किती लावायची? गजाचे केस कधी बदलायचे?

रोज वाजवत असाल तर एक-दोन दिवसांआड चार-पाच हात पुरे. वाजवताना पांढरी पूड उडत असेल तर जास्त झाली. वाजवून झालं की तारांवरची आणि घोडीखालची पूड जुन्या मलमलीने पुसायची, आणि गज सैल करून ठेवायचा. हा गज सैल करणं मोठी माणसंही विसरतात. ताणलेल्या गजाची काडी कायमची वाकते.

केस घोड्याच्या शेपटीचे असतात. राळ लावूनही गज घसरायला लागला की बदला. बंद पेटीत महिनोन् महिने गज पडून राहिला तर बारीक किडे केस कुरतडतात. उपाय साधा आहे, पेटी रोज उघडा.

१३. मुलाला कोणत्या वयात सुरू करावं? केवढं व्हायोलिन घ्यावं?

सहा-सात वर्षं बरी, पण वयापेक्षा मूल दहा मिनिटं एका जागी बसून ऐकतं का ते मी बघते. व्हायोलिन एक अष्टमांश, पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत मिळतं. मुलाने डावा हात सरळ पुढे केला की वाद्याच्या टोकाचं वेटोळं तळव्यात सहज मावलं पाहिजे. ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठं घेऊ नका. कपड्यांचा हिशेब इथे लावला की मनगट वाकडं होतं.

१४. मी बासष्ट वर्षांचा आहे, कधीच वाद्य वाजवलं नाही. आता जमेल?

जमेल. तुमच्या वयाचे विद्यार्थी मला आवडतात. ते ऐकून आलेले असतात, आणि ‘हा सूर लागला नाही’ हे त्यांना माझ्याआधी कळतं. अडचणही तिथेच होते. कान पुढे असतो आणि हात मागे, त्यामुळे लवकर नाराज होतात. पहिले काही महिने फक्त मोकळ्या तारा आणि पाच स्वर. रोज वीस मिनिटं, रविवारी एकदम दोन तास नाही. वर्षभराने भूपाळीची एखादी बंदिश स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने वाजते. बैठकीचा प्रश्न असेल तर ८ पाहा.

१५. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा द्याव्यात का?

मुलांनी द्याव्यात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंत जातात, वर्षातून दोन सत्रं असतात. अभ्यासाला आकार येतो. दहावीच्या वाढीव गुणांचे नियम शाळेत विचारा, ते बदलत असतात. मात्र परीक्षेच्या आधी तीन महिने नुसता अभ्यासक्रम घोटायचा असेल, तर मी त्या मुलाला ते सत्र सोडायला सांगते.

१६. आम्ही परदेशात असतो. ऑनलाइन शिकवता का?

थोड्यांनाच, आणि मुळाक्षरं झालेल्यांनाच. गज धरायला शिकवताना मला बोटाला बोट लावावं लागतं, पडद्यातून ते होत नाही. इथे सकाळचे साडेसहा म्हणजे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे आठ, उन्हाळ्यात नऊ. त्यामुळे माझा रियाज संपला की तो वर्ग लागतो. दोघांनी एकत्र वाजवायचा प्रयत्न करू नका, आवाज उशिरा पोचतो. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ सुरू ठेवा, नाहीतर तंबोरा गाळला जातो. तंबोरा विद्यार्थ्याच्या खोलीत वाजला पाहिजे, माझ्या नाही.

१७. फ्लॅटमध्ये राहतो, शेजारी कुरकुरतात.

घोडीवर बसवायचा रबरी म्यूट मिळतो, पहाटे आणि रात्री तो लावा. पण सगळाच रियाज म्यूटवर करू नका, गजाचा दाब वाढतो आणि म्यूट काढल्यावर आवाज कर्कश येतो. आणि शेजाऱ्यांना एकदा चहाला बोलावून वेळ सांगून टाका. कधी थांबणार हे माहीत असलं की माणसं बरंच सहन करतात.

१८. आजारपण, प्रवास, लग्नघर यांत रियाज तुटतो. पुन्हा सुरू कसा करायचा?

जिथे सोडलं तिथून नाही. खंड आठवडाभराचा असेल तर दोन दिवस फक्त लांब गज (प्रश्न ४). महिन्याचा असेल तर आठवडाभर. बोटांच्या टोकांचे घट्टे मऊ पडलेले असतात, घाई केली तर सोलवटतात. ताप असताना वाजवू नका, ऐका. आडवं पडून, डोळे मिटून एखादी बंदिश मनात पूर्ण वाजवून काढणं हा चांगला रियाज आहे. मी दवाखान्यात बाहेर थांबायची वेळ आली की तेच करते.

१९. दसऱ्याला वाद्याची पूजा करतो. त्या दिवशी वाजवावं की नाही? हळद-कुंकू लावलं तर चालतं का?

घराघरांत रीत वेगळी आहे. काही ठिकाणी पूजेतलं वाद्य दिवसभर हलवत नाहीत. तुमच्याकडे तसं असेल तर पहाटे रियाज उरका आणि मग वाद्य पाटावर मांडा. मी तसंच करते, खंड पडत नाही आणि पूजाही होते.

हळद-कुंकू वाद्याच्या पॉलिशवर, तारांवर किंवा गजाच्या केसांवर लावू नका. ओलं गंध तर अजिबात नको, डाग जात नाही. बोट लावायचंच तर पेटीच्या झाकणावर लावा. फुलं वाद्यावर न ठेवता समोर ठेवा, कारण झेंडूचं पाणी भोकांतून आत उतरतं. निरांजन हातभर लांब. आणि गज आधी सैल केलाय ना, ते पाहून घ्या.